बोट वर असताना

४ फेब्रुवारी
शेडबाहेरचा बाक, जेवणाची सुट्टी

ताई,

फोन केला की तू "हं" म्हणतेस आणि फोन अप्पांच्या कानाला लावतेस. म्हणून पत्र. पत्राला "हं" म्हणता येत नाही. फाडून टाकता येतं, पण तू कागद वाया घालवणारी नाहीस. पाठ कोरी दिसली तर तिच्यावर गिऱ्हाइकाच्या मोटरचं माप लिहून ठेवशील. म्हणून मुद्दाम एकाच बाजूला लिहितोय. माझं म्हणणं नाही वाचलंस तरी कागद कामाला येईल.

मी बरा आहे. वजन वाढलंय. इथे मला भिरभिऱ्या म्हणणारं कुणी नाही, इथे माझं नाव रेडिओ. आमचे उस्ताद, म्हणजे शेडमधले सगळ्यांत जुने मेकॅनिक आणि आम्हा सगळ्यांचे वरिष्ठ, त्यांच्या मिशा इतक्या सरळ कापलेल्या असतात की गवंड्याने वर पाणसळ ठेवून बघावी. ते परवा म्हणाले, "रेडिओ, तुझं बटण कुठाय रे?" मी म्हटलं, "घरी राहिलं, ताईकडे." सगळे हसले, मीही हसलो. त्याच संध्याकाळी हा कागद विकत आणला.

काय सांगत होतो? हां. हेलिकॉप्टरचं इंजिन चालू करणारी मोटर आणि वीज करणारा जनरेटर, ही दोन पोरं आता माझ्याकडे आहेत. उघडायची, साफ करायची, तपासायची. जनरेटर उघडला की व्हार्निशचा वास येतो आणि मी थेट आपल्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात पोचतो. अप्पा फरम्यावर तांब्याची तार गुंडाळतायत, उजवा हात फिरतोय, डाव्या हाताचं बोट वर. घरात बाकी कसलाही धाक नव्हता, पण बोट वर असताना बोलायचं नाही. फेरा मोजायचा चुकला की सगळी तार उलगडा, पुन्हा पहिल्यापासून. आणि मी नेमका तेव्हाच विचारायचो, "अप्पा, पाल भिंतीवरून पडत कशी नाही?"

तर मुद्द्याचं. माझी सैन्यातली पहिली मुदत ऑगस्टात संपते. ठरल्याप्रमाणे मी घरी येतो. अर्धांगाच्या झटक्याने अप्पांचा उजवा हात आणि निम्मं बोलणं गेलं तेव्हा तू कॉलेज अर्ध्यावर टाकून मोटरी बांधायला, जळलेली तार काढून नवी गुंडाळायला, बसलीस, आणि मी कुठल्या तरी घाटात ट्रकवर क्लीनर होतो. सैन्यात निघताना बसस्टँडवर मी तुला म्हटलं होतं, पाच वर्षं थांब, मग दुकान मी बघतो, तू सुटशील. तो शब्द मी विसरलेलो नाही.

गेल्या वर्षी रजेवर आलो तेव्हापासून तू बोलत नाहीस. मी काय केलं ते मला अजून कळलेलं नाही. त्या पंपवाल्या गिऱ्हाइकासमोर मी एवढंच म्हटलं, "आता थोडे दिवस, मग आमची ताई सुटणार." तू हातातली तार खाली ठेवलीस आणि आत गेलीस. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. साहजिक आहे. मदतीला दोन मुली ठेवाव्या लागल्यात, नवीन मोठं मशीन घ्यावं लागलंय, पाटीसुद्धा नव्याने रंगवून घ्यावी लागली. किती ओझं झालंय ते मला दिसतं गं.

सध्या थोडं गणित करतोय. इथल्या लांब्याला, म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरच्या उंच पोराला, कसलीशी परीक्षा द्यायचीय, त्याला सोबत म्हणून. बाकी काही नाही.

तुझा
भिरभिऱ्या


२१ मार्च
कपडे धुवायच्या जागेमागची पायरी

ताई,

खोटं बोललो. लांब्या परीक्षा देत नाहीये. लांब्याला साधी बेरीज विचारली तरी तो हवामानाबद्दल बोलायला लागतो. परीक्षा माझी होती. दिली.

सांगतो नीट. सैन्यात अशी सोय आहे, की ज्या मेकॅनिकनी इथलं ट्रेनिंग चांगलं केलंय त्यांचे गुण इंजिनियरिंग कॉलेजात धरतात आणि त्यांना थेट दुसऱ्या वर्षाला बसवतात. पगार चालू, काम फक्त शिकायचं. पदवी बरी मिळाली तर त्यापुढचीही करू देतात, आणि नंतर ही असली मोटर दुरुस्त करायची सोडून नवीन बनवायला बसवतात. दहावीला दोनदा आपटलेल्या माणसाला, ताई! बारावीसुद्धा मी इथेच बराकीत बसून केली, तेव्हा तू "बरं" एवढंच लिहिलं होतंस. ते कार्ड माझ्या पेटीत आहे.

बदल्यात पदवीनंतर दहा वर्षं सैन्य सोडायचं नाही. म्हणजे ऑगस्टात घरी नाही. म्हणजे दुकान नाही. म्हणजे तू आहेस तिथेच.

म्हणून मी जाणार नाहीये. फक्त बघायला बसलो होतो. बाजारात आपण न घ्यायच्या वस्तूचा भाव विचारतो ना, तसं. तर दुकानदाराने वस्तू बांधून हातात दिली. पास झालो. मॅडमनी, म्हणजे आम्हाला गणित शिकवणाऱ्या अधिकारी बाईंनी, सगळ्यांसमोर माझं नाव वाचलं. मी मागे वळून बघितलं, माझ्या नावाचा दुसरा कोण आहे म्हणून.

याच मॅडमनी एकदा फळ्यावर जनरेटरचं समीकरण काढलं. त्यात एक अक्षर होतं, त्याच्यावर खडू ठेवून म्हणाल्या, "आणि हे फेरे. जितके फेरे, तितका विजेचा दाब." मी इतक्या जोरात "अरे!" केलं की पुढचा दचकला. अप्पांचं बोट, ताई! ते फळ्यावर होतं! इतकी वर्षं मला वाटायचं, अप्पांना शांतता आवडते म्हणून ते बोट. मॅडम म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही मॅडम, ओळखीचं निघालं."

तुला हे कॉलेजात शिकवलं असणार. मला कधी सांगितलं नाहीस. की सांगितलंस? मीच बोलत असेन.

अजून मुलाखत व्हायचीय, आणि उस्तादांची शिफारस लागते. जूनच्या शेवटी सही करायची, नाहीतर घरी जायची तयारी करायची. मी घरची तयारी करणार आहे. तू काळजी करू नकोस. पण पास झालो हे कुणाला तरी सांगायचं होतं. लांब्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आज ढग आलेत."

भिरभिऱ्या


१६ मे
शेड, हत्यारांच्या फळ्यासमोर

ताई,

आज हेलिकॉप्टर थांबवलं. मी. पंखे फिरत असलेलं, आणि आत तपासणीला आलेले मोठे साहेब बसलेले.

आधी हा फळा कळला पाहिजे. आमच्या शेडमध्ये भिंतीवर मोठा फळा आहे आणि त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कोरलेली आहे. पान्याच्या खाचेत पाना, पक्कडीच्या खाचेत पक्कड. काम संपलं की सगळ्या खाचा भरलेल्या पाहिजेत. एक जरी रिकामी दिसली तरी ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, आणि एकही हेलिकॉप्टर हलायचं नाही. कारण ते हत्यार इंजिनाशेजारी राहिलं असेल आणि वर गेल्यावर कुठे अडकलं तर माणसं जातात. इथे शिपाई जनरलला थांबवू शकतो तो फक्त या एका कारणासाठी.

दुपारी मला आरशाची खाच रिकामी दिसली. लांब दांड्याचा लहानसा गोल आरसा, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा. जिथे डोकं घुसत नाही तिथे तो घालून बघायचं. मी पळत मैदानात गेलो आणि पायलटसमोर दोन्ही हात डोक्यावर धरले, फुलीसारखे. पंखे थांबले. मोठे साहेब उतरले. इतकी शांतता झाली की मला माझे बूट वाजताना ऐकू आले.

शेडच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "आरसा शेवटी कुणी वापरला?"

आणि मी म्हणालो, "मी, साहेब. सकाळी. शेपटाच्या भागात राहिला असणार."

झालं. शेपटाची सगळी झाकणं उघडली. ऊन असं की पत्र्याला हात लावला की चटका. मोठ्या साहेबांना सावलीत खुर्ची दिली, चहा दिला. लांब्या शेपटात कमरेपर्यंत शिरून कण्हत होता आणि मी मनात म्हणत होतो, संपलं. शिफारस गेली. बरंच झालं, आता घरी जायला कारण झालं. खरंच असं म्हणत होतो, ताई. मला आश्चर्य याचं वाटलं की एवढं "बरं" झाल्यावर मी तीच झाकणं पुन्हा पुन्हा का उघडून बघतोय.

मग उस्ताद आले. ते सकाळपासून दवाखान्यात होते, एक गाल पुरीसारखा फुगलेला. उघडं शेपूट बघून म्हणाले, "काय शोधताय?"

"आरसा, उस्ताद."

त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथेच थांबला. मी कुणाचाही चेहरा इतक्या हळू बदलताना बघितलेला नाही. आरसा त्यांच्या खिशात होता. सकाळी त्यांनी आपली दुखरी दाढ बघायला घेतला होता आणि ठणका एवढा, की तसेच दवाखान्यात निघून गेले. हे उस्ताद, ज्यांनी एकदा स्क्रूड्रायव्हरने पाठ खाजवली म्हणून लांब्याला मैदानाभोवती पळवलं होतं!

ते सरळ मोठ्या साहेबांसमोर गेले, सलाम ठोकला. "साहेब, आरसा माझ्याकडे होता. दात बघायला नेला होता."

साहेबांनी कप खाली ठेवला. "दुखतोय अजून?"

"हो, साहेब."

"काढून टाका. दात म्हणतोय."

कुणी हसलं नाही. नंतर शेडमागे जाऊन सगळे इतके हसलो की लांब्याला उचकी लागली. उस्तादांनी मात्र चुकांच्या वहीत स्वतःचं नाव स्वतः लिहिलं, आणि मला बोलावलं.

"रेडिओ, आरसा शेपटात राहिला, हे तू पाहिलं होतंस?"

"नाही, उस्ताद. मला वाटलं."

"सकाळी वापरून तू तो परत खाचेत ठेवला होतास. मी तिथूनच उचलला. मग असं का वाटलं?"

"काही हरवलं की बहुतेक मीच असतो."

त्यांनी गालावर हात ठेवून वही मिटली. "माझी चूक माझ्या नावावर लिहिली. तू थांबवलंस ते बरोबर केलंस. पण तुझ्या वाटण्यापायी एवढ्या माणसांनी भलतं शेपूट उघडलं. सगळ्यांना नुसतं विचारलं असतंस, तर मला बोलवायला कुणीतरी दवाखान्यात आलं असतं. दोष अंगावर घेतला म्हणजे मोठं काम केलं असं वाटतं तुला. ते मोठं काम नाही रे. विचारायचा आळस आहे."

मी हळूच विचारलं, "उस्ताद, शिफारस?"

"ती सकाळीच पाठवली. आता जाऊ दे मला. बोललं की ठणकतं."

पत्र इथे संपवणार होतो. पण ते एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. विचारायचा आळस.

भिरभिऱ्या


२ जून
तिथेच

ताई,

आज गंमतजंमत नाही. मुलाखत झाली, निवड झाली. तीस तारखेपर्यंत सही करायची. त्याआधी एक विचारतो, जे पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही.

तुला दुकान सोडायचंय का? कॉलेजात परत जायचंय का?

मला काय वाटतं ते बाजूला ठेवलंय. गेल्या वर्षी जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो. नवीन मशीन इतकं पुसलेलं होतं की त्यात माझं तोंड दिसत होतं. त्या दोन मुली तुला "मॅडम" म्हणत होत्या. एकीने अप्पांना काहीतरी विचारलं, तर अप्पांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. पाटी निळी केलीयस, आणि तिच्यावर अप्पांच्या नावाखाली तुझं नाव आहे, त्यांच्याएवढ्याच अक्षरांत. पंपवाला आत येऊन म्हणाला, "मालक आहेत का?" तू म्हणालीस, "बोला."

हे सगळं मी तेव्हाच पाहिलं होतं. लिहिताना कान गरम झालेत.

ये म्हणालीस तर येतो. ते खोटं नाही.

भिरभिऱ्या


२९ जून
बराक, खिडकीजवळ

ताई,

तुझं पाकीट आलं. आधी वाटलं, माझंच पत्र परत पाठवलंस. फेब्रुवारीतलं, माझ्याच अक्षरातलं. मग उलटं केलं.

पाठीवर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एका पाणी खेचायच्या मोटरचं माप. त्याखाली पिठाच्या गिरणीच्या मोटरचं. एका कडेला व्हार्निशचा डाग. म्हणजे ते चार महिने तुझ्या बाकावर होतं. आणि उरलेल्या जागेत तू लिहिलेलं. तुझेच शब्द पुन्हा उतरवतो, कारण मला ते स्वतःच्या हाताने एकदा लिहून बघायचेत:

"भिरभिऱ्या, दुकान माझं आहे. अप्पांचं होतं. तुझं कधीच नव्हतं. कॉलेज सुटलं तेव्हा वर्षभर रडले, खोटं कशाला सांगू. मग एक दिवस जळलेली मोटर उघडली आणि नुसत्या वासावरून कळलं कुठे जळलीय. त्या दिवसापासून मला इथून कुठेही जायचं नाही. तू मात्र प्रत्येक पत्रात मला सोडवायला निघालेला असतोस, जसं काही कुणी मला बांधून ठेवलंय. रजा संपवून तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी पंपवाला म्हणाला, 'मोठं काम आहे, पण तुमच्या भावाला येऊ दे, मग देतो.' एवढी वर्षं घालवली मी त्याच्या तोंडून मालकीण म्हणवून घ्यायला, आणि तू एका वाक्यात मला पाहुणी केलंस. म्हणून बोलत नव्हते. ऑगस्टात आलास तर काम देईन, झाडायचं. सही कर. मूर्खपणा करू नकोस. आणि कॉलेजात जाण्याआधी आठ दिवस येऊन जा, अप्पा दाराकडे बघतात. समीकरणाचं मी तुला सांगितलं होतं. तू पालीबद्दल विचारत होतास."

ताई, मी हसलो, आणि मग जेवायची घंटा झाली तरी पत्र घेऊन खाटेवरच बसलो. लांब्याने कपाळाला हात लावून बघितला.

एक सांगतो. दुकान माझ्यासाठी थांबलंय, तू माझ्यासाठी थांबलीयस, असं धरून चालणं मला बरं वाटायचं. ट्रकवर असताना, हॉटेलात भांडी घासताना, इथे आल्यावरही. जगात एक खाच माझ्या आकाराची कोरलेली आहे आणि मी नाही म्हणून ती रिकामी आहे. ती कधीच भरून गेली, आणि छान भरून गेली, हे कळल्यावर पहिल्यांदा जरा वाईट वाटलं. तुझ्याबद्दल नाही. माझ्याबद्दल.

मग जाऊन सही केली. घाईत शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं, पण सही ओळखू येते म्हणाले.

पंपवाल्याचा पत्ता पाठव. त्याला मी स्वतः लिहितो, की दुकानाची मालकीण एकच आहे आणि तिच्या भावाला मोटरी बांधता येत नाहीत. हे दोन्ही मी पाहिलेलं आहे, वाटलेलं नाही.

भिरभिऱ्या


११ नोव्हेंबर
कॉलेज, यंत्रांची प्रयोगशाळा

ताई,

वर्गात मी सगळ्यांत म्हातारा. पोरं मला "काका" म्हणतात, आणि मी मिशा वाढवायला घेतल्यात. उस्तादांसारख्या सरळ होत नाहीत, एक बाजू वर जाते. त्यांचं कार्ड आलं होतं: "दाढ काढली. अभ्यास कर." लांब्याने खाली लिहिलंय, "इकडे थंडी."

पहिल्या चाचणीत मधल्या रांगेत आलो. गणितात वर, भाषेत खाली. सरांनी माझ्या उत्तरपत्रिकेवर लिहिलं, "प्रश्न वेगळा होता, पण माहिती रंजक आहे." मॅडम म्हणाल्या होत्या, की असाच टिकलास तर पुढच्या पदवीचं बघू. टिकणं हा शब्द माझ्या बाबतीत आजवर कुणी वापरला नव्हता.

कॉलेजाआधी घरी काढलेले ते आठ दिवस सारखे आठवतात. तू बाकावर, मी स्टुलावर, अप्पा खुर्चीत. तुझं बोट वर गेलं. माझ्या तोंडात प्रश्न अगदी तयार होता, दाताशी आलेला, आणि मी तो गिळला. त्या दोन मुली एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. तू फेरे पुरे केलेस, तार कापलीस, बोट खाली घेतलंस. तेव्हा अप्पांच्या घशातून तो आवाज आला. मी घाबरलो, त्यांना काही होतंय म्हणून. तू म्हणालीस, "हसतायत ते. तू गप्प बसलास म्हणून." मग तूही हसलीस. वर्षभरानंतर. मी प्रश्न विसरूनच गेलो.

पंपवाल्याने पुढचं कामही तुलाच दिलं, हे अप्पांनी फोनवर सांगायचा प्रयत्न केला. मला "पंप" आणि "ताई" एवढंच कळलं, पण पुरलं. आता फोन लावला की तू आधी बोलतेस आणि मग अप्पांना देतेस. मी काही म्हटलेलं नाही, पण लक्षात आलंय.

आज प्रत्येकाला एक लहान ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचाय. माझ्यासमोर फरमा आहे, तांब्याची तार आहे. सर मघाशी म्हणाले, मोजायला मशीन आहे, ज्यांना हवं त्यांनी घ्या. मी नको म्हटलं. मशीन चुकत नाही, मान्य. पण मला एकदा बघायचंय, मला जमतं का.

शेजारचा पोरगा कधीचा विचारतोय, "काका, कुणाला लिहिताय? कुठे राहतात त्या? तिकडे पण थंडी आहे का?" चांगला आहे पोरगा. माझ्यासारखाच आहे.

पेन ठेवतो, ताई. बोट वर करायचंय.